डिस्लेक्सिया आणि करिअर : पालक आणि तरुण मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले की आणि दहावीचा निकाल लागला की हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा, बोर्ड आणि नोकऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथेच जास्त होतो.

डिस्लेक्सिया म्हणजे नेमकं काय?

डोळ्याला दिसणारं अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी बहुतेकांच्या मेंदूत काही वर्षांच्या सरावाने आपोआप जुळायला लागते. डिस्लेक्सियात ती जुळते, पण मेहनतीने आणि सावकाश. 'कमळ' हा ऐकलेला शब्द क, म, ळ अशा सुट्या आवाजांत फोडणं आणि वाचताना ते आवाज पुन्हा जोडणं, इथे मूळ अडचण असते. त्यामुळे वाचन अडखळतं, लिहिताना अक्षरं गळतात, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते निसटतं.

यात बुद्धीचा, डोळ्यांचा किंवा आईवडिलांच्या वळणाचा दोष नाही. मोबाइलमुळेही डिस्लेक्सिया होत नाही. मेंदूची जडणघडण जन्मतःच तशी असते आणि ती बऱ्याचदा घराण्यातून येते. मुलाची तपासणी चालू असताना शेजारी बसलेले वडील हळूच म्हणतात, "माझंही असंच होतं," हे नवीन नाही.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची नोंद छापली होती. मुलगा चलाख होता, बीजगणित त्याला जमायचं, पण स्वतःचं नाव लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करायचा. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या शाळांतल्या बाई तेच वाक्य बोलतात, फक्त पुढे "पण आळशी आहे" जोडतात.

वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण 5 ते 10 टक्के मुलांमध्ये हे आढळतं. पन्नास मुलांच्या वर्गात दोन ते पाच मुलं धरा. लिहिण्याची अडचण म्हणजे डिसग्राफिया आणि आकड्यांची म्हणजे डिसकॅलक्युलिया. ही भावंडं कधी एकेकटी येतात, कधी बरोबर. कायद्यात या सगळ्यांना मिळून 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात, शाळेत आणि दवाखान्यात नुसतं 'एलडी'.

मराठी तर बोलतो तशीच लिहितो. मग मराठी माध्यमात हे कळतं कसं?

उशिरा कळतं, हीच तर पंचाईत. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, त्यामुळे मूल तिथे लगेच अडकतं आणि शाळेच्या लक्षात येतं. मराठीत एकदा बाराखडी बसली की मूल रडतखडत का होईना, बरोबर वाचतं. म्हणून मराठीत चुकांइतकंच वेगाकडे बघावं लागतं. चौथीतला मुलगा दुसरीचा धडा बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत वाचत असेल आणि वाचून झाल्यावर "काय वाचलंस?" या प्रश्नावर गप्प बसत असेल, तर एकही शब्द चुकला नाही तरी दखल घ्या.

आपल्या लिपीचे स्वतःचे सापळे आहेत. पहिली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. 'कर्म'मधला र डोक्यावर, 'क्रम'मधला पायाशी. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यात एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा फरक. 'ख' नीट जोडून लिहिला नाही तर 'रव'. जोडाक्षर आलं की अशी मुलं एक अक्षर सरळ गाळतात, 'शिक्षक'चं 'शिशक' होतं, 'पुस्तक'चं 'पुतक'. दुसरी सवय अंदाजाची. 'शेतकरी' या शब्दातला 'शे' दिसला की 'शेवटी' म्हणून पुढे जायचं. वाक्याला अर्थ राहिला नाही तरी थांबायचं नाही, कारण थांबलं की वर्ग हसतो.

आकड्यांचीही गंमत आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. 'एकोणतीस' ऐकून तीन लिहिणारी मुलं चुकत नाहीत, त्यांना 'तीस' ऐकू आलेलं असतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशा वाचनाची जोड दिली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. ज्यांच्या घरी 25 आणि 52 मध्ये गोंधळणारं मूल होतं, त्यांना त्यात हसण्यासारखं फार काही वाटलं नसावं.

ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. डिस्लेक्सिया असेल का?

तेवढ्यावरून नाही. तसं असतं तर निम्म्या महाराष्ट्राला प्रमाणपत्र द्यावं लागलं असतं, वर्तमानपत्रांच्या मथळे लिहिणाऱ्यांसकट.

तपासणी कुठे आणि कशी होते?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून तपासतात. बुद्ध्यंकाची चाचणी होते, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरला जातो. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेला 'डाली' हा संच मराठीतही आहे. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीतून होईल ना, हे आधीच विचारा. इंग्रजीतून तपासलं तर कच्चं इंग्रजी आणि डिस्लेक्सिया यांची गल्लत होते.

बोर्डाच्या सवलती आणि आरक्षण यांसाठी खाजगी अहवाल पुरत नाही, सरकारी किंवा महापालिकेच्या मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, केईएम आणि नायर, पुण्यात ससून ही नावं पालकांना माहीत असतात. इतर ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. अर्ज 'स्वावलंबन' या केंद्रीय पोर्टलवरून होतो आणि त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं.

वयाबद्दल: 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्रासाठी आठ, चौदा आणि अठरा असे टप्पे दिले होते, अठराव्या वर्षीचं कायमचं. 2024 मध्ये या सूचना सुधारल्या आहेत, तेव्हा फेरतपासणी कधी ते रुग्णालयातच विचारून घ्या. मात्र मदत सुरू करायला आठव्या वर्षाची वाट बघू नका. प्रमाणपत्र नसलं तरी पहिली-दुसरीत अक्षर-आवाजाचा सराव घेता येतो, आणि त्या वयात तो सर्वांत जास्त लागू पडतो.

एक व्यवहारी सूचना. तारखा लांबच्या मिळतात. नववीच्या सुरुवातीलाच नंबर लावा. दहावीच्या दिवाळीत धावपळ करणारे पालक दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी त्यांची दमछाक होते.

प्रमाणपत्र घेतलं तर मुलावर शिक्का बसेल ना?

शिक्का आधीच बसलेला असतो, 'ढ', 'कामचुकार', 'लक्ष नाही'. प्रमाणपत्राने निदान खरं नाव तरी मिळतं. सवलत घेतल्याची जाहिरात कोणी करत नाही, आणि ज्या नोकरीत सांगायचं नाही तिथे ते दाखवायची सक्तीही नाही.

बोर्डाच्या सवलती कोणत्या? त्या घेतल्या तर पुढचे रस्ते बंद होतात का?

हा प्रश्न सवलत घेण्याआधी विचारणारे पालक थोडे, नंतर विचारणारे खूप. महाराष्ट्रात अशा सवलती 1996 पासून मिळू लागल्या, इतर बऱ्याच राज्यांच्या आधी. त्यांचे दोन गट करून बघा.

पहिल्या गटातल्या सवलतींनी काही बिघडत नाही. जास्तीचा वेळ, लेखनिक म्हणजे रायटर, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, गरजेप्रमाणे कॅलक्युलेटर. विषय तोच, प्रश्नपत्रिका तीच, फक्त अडथळा कमी. या बिनदिक्कत घ्या.

दुसऱ्या गटात विषयच बदलतो. एखादी भाषा सोडून त्या जागी कार्यानुभवाचा विषय, किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. दहावी सुटते, पण पुढे शास्त्र शाखा, पॉलिटेक्निक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र इथे गाडी अडते, कारण तिथे गणित लागतंच. मुलाला खरोखर डिसकॅलक्युलिया असेल आणि गणिताचा पेपर त्याला दहावीतच अडकवून ठेवणार असेल, तर ही सवलत वरदान आहे. पण वाचनाची अडचण असलेलं, भूमितीची आकृती बघून पटकन उत्तर सांगणारं मूल असेल, आणि केवळ "मिळतंय तर घ्या" म्हणून त्याला गणित सोडायला लावलं, तर दोन वर्षांनी त्याला आर्किटेक्चरचा फॉर्मही भरता येत नाही. अशा मुलाला गणिताचे प्रश्न वाचून दाखवणारं कोणी मिळालं तरी काम भागतं. तेव्हा आठवी-नववीत मुलाशी बोला, त्याला काय करायला आवडतं ते विचारा, आणि मग सवलतींचा फॉर्म भरा. उलट क्रम घातक आहे.

राज्य मंडळ झेपतच नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, हा चांगला पर्याय आहे. एकच भाषा घेतली तरी चालते, पाच विषय एकदम द्यायची सक्ती नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. प्रमाणपत्र देशभर चालतं. "मुक्त शाळा म्हणजे नापासांची शाळा" असं म्हणणाऱ्या काकांना चहा द्या आणि विषय बदला.

रायटर घेतला की प्रश्न सुटला?

सुटत नाही. तोंडी सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येत नाही. दहावीला रायटर बहुधा नववीचा असतो. त्याला 'प्रकाशसंश्लेषण' कसं लिहायचं हे माहीत असेलच असं नाही. मुलाने "प्रश्न दोनचा अ, नवी ओळ, पहिला मुद्दा" असं म्हणत, मध्ये थांबत, "आता वाचून दाखव" असं सांगत उत्तर पुरं करायला शिकायला हवं. घरी रोज एक उत्तर असं लिहून घ्या. मुलं सुरुवातीला लाजतात, मग दादागिरी करायला लागतात. दादागिरी सुरू झाली की समजा, जमलं.

वेळेचं म्हणाल तर 2018 च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात. प्रमाणपत्रावर अक्षमतेचं प्रमाण 40 टक्क्यांहून कमी लिहिलंय म्हणून रायटर नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये लेखनाची अडचण असलेल्या एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात दिला. 2022 मध्ये केंद्राने तशा सूचनाही काढल्या. परीक्षा केंद्रावर हे सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा.

हे पूर्ण बरं होतं का? चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, खास फॉन्ट यांचा उपयोग होतो का?

हा आजार नाही, तेव्हा 'बरं होणं' हा शब्द इथे बसत नाही. योग्य शिकवणीने वाचन पुष्कळ सुधारतं, वेग थोडा मागे राहतो, थकलं की चुका परत डोकावतात. मोठेपणीही हे असंच राहतं.

लागू पडते ती रेमेडियल शिकवणी. अक्षर आणि आवाज यांची जोडी पायरीपायरीने, ऐकत-म्हणत-गिरवत, भरपूर उजळणीसह पक्की करायची, शक्यतो एकास एक, आठवड्यातून दोनतीनदा, वर्ष-दोन वर्षं. ट्यूशन ती नव्हे. ट्यूशनमध्ये तोच धडा तोच माणूस जास्त मोठ्या आवाजात शिकवतो.

रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्रितपणे हे स्पष्ट सांगितलं आहे. खास फॉन्टचंही तसंच. मोठं अक्षर आणि ओळींत मोकळी जागा याने मात्र बऱ्याच जणांना बरं पडतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता ना?

तसा पुरावा नाही. मेलेल्या माणसांचं निदान फॉरवर्ड मेसेजमधून करू नये. ज्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय अशी नावं भरपूर आहेत. 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले स्वित्झर्लंडचे जाक दुबोशे. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरचे एक वास्तुरचनाकार रिचर्ड रॉजर्स. उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन. डायनासोर पिल्लांची काळजी घेत होते हे जीवाश्मांवरून दाखवणारे जॅक हॉर्नर, ज्यांची पदवी कधी पुरी झाली नाही.

मला सर्वांत बोलकं उदाहरण कॅरोल ग्रायडर यांचं वाटतं. लहानपणी त्यांना स्पेलिंगच्या जादा तासाला बसवलं जायचं. पुढे पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले, तेराएक विद्यापीठांत अर्ज केले आणि दोनच ठिकाणी दार उघडलं. त्यातल्या बर्कलीला त्या गेल्या, तिथे टेलोमरेज हे विकर शोधलं, आणि 2009 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काम त्यांना येत होतं, अडवत होती ती कामाच्या दारातली परीक्षा. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं नेमकं हेच होतं.

डिस्लेक्सिया असलेल्यांना जन्मजात वेगळी देणगी असते का? चित्रकला, धंदा वगैरे?

काहींना असते, जशी इतरांपैकी काहींना असते. 2007 मध्ये लंडनच्या कॅस बिझनेस स्कूलच्या ज्युली लोगन यांच्या पाहणीत अमेरिकेतल्या छोट्या उद्योजकांपैकी 35 टक्क्यांमध्ये डिस्लेक्सियाची लक्षणं दिसली, आणि तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतोय. पाहणी लहान होती. शिवाय धंद्याकडे वळण्याचं एक साधं कारण असं की स्वतःच्या दुकानात कोणी स्पेलिंग तपासत नाही. ब्रिटनची जीसीएचक्यू ही गुप्तवार्ता संस्था डिस्लेक्सिया असलेल्यांना उघडपणे भरती करते, 2022 पासून लिंक्डइनवर 'डिस्लेक्सिक थिंकिंग' हे कौशल्य म्हणून लिहिता येतं, हे सगळं चांगलंच आहे. पण मुलावर 'तू खास आहेस, काहीतरी भव्य कर' याचं ओझं टाकू नका. त्याला कदाचित एसी दुरुस्ती आवडत असेल.

मग कोणतं करिअर निवडावं?

'डिस्लेक्सियासाठी दहा करिअर' अशा याद्या मी देत नाही. त्यात चित्रकार, शेफ, फोटोग्राफर असतात आणि ज्याला चित्र काढता येत नाही तो बिचारा खचतो. कामात वाचन किती आहे याच्यापेक्षा ते वाचन कोणत्या परिस्थितीत करायचंय, हे बघा.

वकिली घ्या. कागदांचे ढीग असतात, पण ते रात्री घरी सावकाश वाचता येतात, तेच शब्द आणि तीच कलमं परत परत येतात, टायपिस्ट असतो, आणि कोर्टात बोलायचं असतं. डिस्लेक्सिया असलेला माणूस चांगला वकील होऊ शकतो. आता औषधांचं दुकान घ्या. वाचन दोन शब्दांचं, पण एकसारखी नावं, डॉक्टरांचं अक्षर, काउंटरवर रांग, आणि चूक झाली तर रुग्णाच्या जिवाशी खेळ. वाचन कमी असूनही काम अवघड. रुग्णालयातल्या परिचारिकेचंही थोडं तसंच. बदलत्या पाळीत, उभ्याउभ्या, चार्टवर मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम ते लिहायचं. अशक्य नाही, बारकोड आणि दुसऱ्याकडून पडताळणी असलेल्या रुग्णालयात सोपं होतं, पण डोळे उघडे ठेवून निवडावं.

संगणकावर प्रोग्रॅम लिहिणं लोकांना भीतीदायक वाटतं. प्रत्यक्षात शब्द ठरावीक, चुकला की खाली लाल रेघ येते, अर्धा टाइप केला की उरलेला एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअरच, सुचवतो. स्पेलिंगसाठी एवढी मदत इतर फार थोड्या नोकऱ्यांत मिळत असेल. अडचण येते ती लांबलचक ईमेलमध्ये आणि सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायच्या वेळी.

वीजकाम, प्लंबिंग, वेल्डिंग, सीएनसी यंत्रावरचं काम, गाडी दुरुस्ती, इथे आकृती, रंग आणि हात बोलतात. आयटीआयचे काही ट्रेड आठवी पासवरही मिळतात, इलेक्ट्रिशियन-फिटरला दहावी लागते. पण थिअरीचा पेपर आहे, तेव्हा तिथेही सवलत मागा. मुलं मागत नाहीत, "आयटीआयला कुठे असतं असं" म्हणून. कायदा तिथेही लागू आहे.

ॲनिमेशन, फिल्म संपादन, वस्तुरचना, फॅशन, साइटवरचं बांधकाम, विक्री, हॉटेल, शेतमाल प्रक्रिया, फिजिओथेरपी, खेळाचं प्रशिक्षण, प्रत्येकाला वरचेच प्रश्न लावून बघा. वाचन घड्याळ लावून आहे की निवांत? लोकांसमोर आहे की एकट्याने? शब्द रोज नवे की ठरलेले? चूक कोणाच्या नजरेखालून जाते का? चुकीची किंमत किती? आणि शेवटचा, प्रवेशाची परीक्षा कामापेक्षा अवघड आहे का? असेल तर सगळी ताकद परीक्षेच्या सवलतींवर लावा, कामाला घाबरू नका.

ओळखीतले एक केटरर आहेत, चारशे पानांचं लग्न सहज निभावतात. सामानाची यादी ते लिहीत नाहीत. गोदामातल्या फळ्यांचे फोटो काढतात, जिथे डबा रिकामा तिथे बोटाने लाल फुली मारतात आणि फोटो किराणावाल्याला पाठवतात. ऑर्डर व्हॉइस मेसेजवर. बिल भाचा करतो. ग्राहकासमोर मेनू लिहायची वेळ आली की "तुम्हीच लिहा, म्हणजे तुमच्या मनासारखं होईल" असं म्हणून पेन पुढे करतात. ग्राहक खूश. असे जुगाड हीच कितीतरी जणांची खरी पात्रता असते, आणि ती कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही.

सरकारी नोकरीत आरक्षण आहे का?

आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के जागा आहेत. त्यातली 1 टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा जास्तीचं लागतं. पद त्या गटासाठी 'निश्चित' केलेलं आहे का हे जाहिरातीत बघा, सगळी पदं नसतात. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत 5 टक्के जागा असतात.

एक टक्क्यात अनेक वाटेकरी, हे लक्षात घेऊन आशा ठेवा. एमपीएससीच्या तयारीत पाच-सहा वर्षं घालवायची असतील तर हातात दुसरं कौशल्य असू द्या. हे सगळ्यांनाच लागू आहे, पण संथ वाचणाऱ्याला चालू घडामोडींची थप्पी जास्त जड जाते.

खाजगी नोकरीच्या मुलाखतीत सांगावं का?

तिथल्या तिथे लेखी परीक्षा असेल तर आधीच कळवा आणि जास्तीचा वेळ मागा. नसेल तर निवड झाल्यावर, कामाच्या पहिल्या काही आठवड्यांत, थेट वरिष्ठांना सांगणं बहुतेकांना सोयीचं पडतं. नुसतं "मला डिस्लेक्सिया आहे" म्हणून सोडू नका, समोरच्याला त्याचं काय करायचं कळत नाही. "मीटिंगमध्ये ऐनवेळी वाचायला लावू नका, कागद आदल्या दिवशी द्या, ग्राहकाला जाणारी मेल एकदा कोणीतरी बघू द्या" असं सांगा. मागण्या छोट्या आणि ठोस असल्या की सहसा मिळतात. समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं असं कायदा म्हणतो, खाजगी कंपन्यांनाही. मोठ्या कंपन्यांत ते असतं, मनुष्यबळ विभागाकडे मागा. छोट्या कार्यालयात धोरण नसतं, पण साहेबांचा मूड असतो, तो बघून बोला.

कामावर उपयोगी पडणारी साधनं कोणती?

बरीचशी तुमच्या फोनमध्येच आहेत. जीबोर्ड आणि गुगल डॉक्स मराठी बोललेलं टाइप करतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत सेटिंगमध्ये असते. गुगल लेन्सने छापील कागदाचा फोटो काढला की तो ऐकता येतो, बँकेच्या फॉर्मला फार उपयोगी. बोलून टाइप केलेलं पाठवण्याआधी एकदा ऐकून घ्या. आवाजाने लिहिलेल्या मराठीत 'सर उद्या येतो'चं काय होईल सांगता येत नाही.

वय तिशीच्या पुढे आहे. आता तपासणी करून काय उपयोग?

नोकरीत बढतीची परीक्षा असेल किंवा पुन्हा शिकायचं असेल तर सवलतींसाठी उपयोग आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी करणारे कितीतरी जण असतात, त्यांनी सवलतीबद्दल अभ्यासकेंद्रावर जरूर विचारावं. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना साठीच्या आसपास कळलं. काही जणांना कागद नको असतो, नुसतं उत्तर हवं असतं, त्यांना खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवालही पुरतो. आधी दोन्हींची फी आणि वेळ विचारून घ्या.

लग्न ठरवताना हे सांगायचं का?

सांगायचं. पत्रिकेबरोबर नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. घराण्यातून येण्याची शक्यता असते, त्यामुळे पुढे मूल वाचायला अडलं तर दोघांपैकी एकाने वर्षभर त्याला 'अभ्यास कर' म्हणून दटावण्यात वेळ जात नाही, बालवाडीतच गाणी, यमकं, अक्षरओळख यांवर जरा जास्त लक्ष देता येतं. आणि बँकेचे फॉर्म, शाळेची सूचनावही, सोसायटीची नोटीस कोण वाचणार हे आधीच ठरतं. आईला किंवा बाबाला स्वतःला वाचायला जड जात असेल तर मुलाचा मराठी-इंग्रजीचा अभ्यास दुसऱ्याने घ्यावा, गणित, प्रयोग आणि पाढे आपल्याकडे ठेवावेत.